अग्रभूमीची हिरवळ : एका 'नव्या' वनस्पतीचा इतिहास

चित्राच्या चौकटीत पाहणाऱ्याला सर्वांत जवळचा जो भाग, त्याला आपण अग्रभूमी म्हणतो. प्राग संप्रदायाच्या भाषाविचारातून आलेली 'फोरग्राउंडिंग' ही संज्ञा शैलीविज्ञानाच्या तासाला शिकवताना आम्ही हाच शब्द आधाराला घेतो : नेहमीच्या भाषेच्या पार्श्वभूमीवर एखादा प्रयोग पुढे येतो, डोळ्यांत भरतो, म्हणून तो काव्यात्म. ह्याच शब्दाचा एक संसार मात्र साहित्यापासून फार दूर, काचेच्या पेट्यांत, पाण्याखाली चालू आहे. ॲक्वेरियममध्ये मासे पाळण्यापेक्षा वनस्पती वाढवण्यात ज्यांना अधिक रस आहे, अशा लोकांच्या बोलण्यात 'फोरग्राउंड प्लांट' हा नित्याचा शब्द आहे. पुढच्या काचेला लागून वाढणारी, दोन-चार सेंटिमीटरांहून उंच न होणारी, आडवी पसरून सारी जमीन गालिच्यासारखी झाकणारी ती फोरग्राउंड वनस्पती. दर काही वर्षांनी अशी एखादी 'नवी' वनस्पती अवतरते, तिची रोपे महागड्या दराने विकली जातात, ती जगवण्याच्या युक्त्या एकमेकांना सांगितल्या जातात आणि मग ती जुनी होते. ह्या लेखात आम्हांला पाहायचे आहे ते हे, की अशी वनस्पती 'नवी' असते म्हणजे तिच्यात नेमके नवे काय असते.

पहिली गोष्ट अशी, की ॲक्वेरियमच्या इतिहासातली बरीचशी वर्षे ही अग्रभूमी मुळी मोकळीच होती. लंडनचा रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन ह्याने १८५० साली आपल्या प्रयोगाची हकीकत प्रसिद्ध केली. काचेच्या भांड्यात दोन सोनमासे, व्हॅलिस्नेरियाची रोपे आणि कुजकी पाने खाणाऱ्या गोगलगायी, असा तो संसार होता. मासे सोडतात तो वायू वनस्पती घेते, वनस्पती सोडते तो प्राणवायू माशांना मिळतो, आणि पाणी न बदलता सारे जिवंत राहते. वॉरिंग्टनच्या भांड्यातली वनस्पती ही नोकरीवर ठेवलेली वनस्पती आहे. तिची पट्ट्यांसारखी लांब पाने सरळ वर जातात. ती कशी दिसते हा प्रश्न त्याच्या लेखी दुय्यम होता. ती काय करते एवढेच महत्त्वाचे.

चार वर्षांनी, १८५४ मध्ये, फिलिप हेन्री गॉस ह्याचे 'द ॲक्वेरियम' हे पुस्तक आले आणि हा शब्दही रूढ झाला. त्याच्या आदल्या वर्षी लंडनच्या प्राणिसंग्रहालयात 'फिश हाउस' उघडले होते. गॉसच्या पुस्तकांनी इंग्लंडच्या मध्यमवर्गाला समुद्रकिनाऱ्याचे वेड लावले. बादल्या, जाळ्या, छिन्न्या घेऊन माणसे ओहोटीच्या वेळी खडकांवर उतरली. ह्या गॉसचा मुलगा एडमंड म्हणजे इंग्रजी वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असलेला 'फादर अँड सन' (१९०७) ह्या आत्मकथनाचा लेखक. त्या पुस्तकात त्याने नोंदवले आहे, की वडिलांच्या लेखनामुळे किनाऱ्यावर लोटलेल्या हौशी संग्राहकांनी खडकांमधली ती सुंदर पाणथळे उजाड करून टाकली. ॲक्वेरियमच्या इतिहासातली ही पहिली मोठी खंत एका साहित्यिकाने लिहून ठेवावी, हे आम्हांला विशेष वाटते. (हाच एडमंड गॉस पुढे सरोजिनी नायडूंना इंग्लंडची पाखरे आणि फुले सोडून आपल्या देशाचे निसर्गविश्व कवितेत आणण्याचा सल्ला देणार होता. आपल्या वडिलांच्या पुस्तकांनी एका किनाऱ्याचे काय झाले हे ज्याने पाहिले, त्याला स्थानिक निसर्गाचे मोल निराळे सांगावे लागत नव्हते.)

विसाव्या शतकात हॉलंडमध्ये वनस्पतींचे ॲक्वेरियम ही एक शिस्तबद्ध कला झाली. पानांच्या रंगांचे आणि आकारांचे गट, त्यांच्यामधून मागे जाणारी रोपांची 'गल्ली', असा तो बागकामाचा थाट होता. पुढच्या बाजूला श्रीलंकेतून आलेल्या क्रिप्टोकोरिनसारख्या ठेंगण्या वनस्पती लावत. क्रिप्टोकोरिन पार्व्हा ही त्यांतली सर्वांत बुटकी. डच वनस्पतिशास्त्रज्ञ डी व्हिट ह्याने तिचे वर्णन १९७० साली केले. ती इतक्या सावकाश वाढते, की तिचा गालिचा व्हायचा तर माळ्याच्या अंगी कासवाचा धीर हवा. डच टाकीत पुढची जागा भरली, पण ती वाफ्याच्या कडेसारखी भरली. तिथे अजून कुरण नव्हते.

ते कुरण जपानमध्ये उगवले, आणि त्याचे श्रेय निःसंशय ताकाशी अमानो ह्यांचे. १९५४ साली निइगाता प्रांतात जन्मलेले अमानो तरुणपणी व्यावसायिक सायकलपटू होते, नंतर छायाचित्रकार झाले. मोठ्या आकाराच्या फिल्मचा कॅमेरा घेऊन त्यांनी ॲमेझॉन, बोर्निओ, पश्चिम आफ्रिका आणि जपानमधली अरण्ये टिपली. १९८२ मध्ये त्यांनी स्वतःची कंपनी काढली आणि १९९२ साली त्यांचे छायाचित्रांचे पुस्तक आले. त्याच्या जपानी नावाचा अर्थ 'काचेतला महानिसर्ग' असा होतो. अमानो आधी छायाचित्रकार होते ही गोष्ट आम्ही मुद्दाम सांगतो आहोत. निसर्गचित्रणाच्या छायाचित्रात पुढचा भाग रिकामा सोडून चालत नाही. नजर आत शिरते ती तिथूनच. जपानी बागेत दगड मांडण्याची परंपराही फार जुनी आहे. 'साकुतेइकी' हा अकराव्या शतकातला मानला जाणारा उद्यानग्रंथ दगडांच्या मांडणीला अग्रस्थान देतो. अमानोंनी ह्या दोन दृष्टी पाण्याखाली एकत्र आणल्या. 'इवागुमी' ह्या त्यांच्या मांडणीत काही मोजके दगड असतात. त्यांतला एक मोठा, कर्ता. आणि त्यांच्या पायथ्यापासून पुढच्या काचेपर्यंत पसरलेली एकाच वनस्पतीची आखूड हिरवळ. बाकी मोकळे पाणी. मासे छोटे आणि थव्याने फिरणारे, म्हणजे दगड डोंगराएवढे वाटावेत.

ह्या हिरवळीसाठी त्यांनी प्रथम जे केले ते विलक्षण होते. रिक्सिया ही आपल्याकडच्या वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याला पाठ्यपुस्तकातून भेटणारी प्रजाती. (प्रजाती म्हणजे जीनस आणि जाती म्हणजे स्पीशीज, ह्या शालेय अर्थाने आम्ही हे शब्द वापरत आहोत.) तिच्यातली रिक्सिया फ्लुइटान्स पाण्यावर तरंगते. 'फ्लुइटान्स'चा अर्थच तरंगणारी. अमानोंनी ती चपट्या दगडांवर दोऱ्याने बांधून तळाशी बुडवली. प्रखर दिव्याखाली तिच्या टोकाटोकांवर प्राणवायूचे बुडबुडे मोत्यांसारखे लगडले, आणि त्या छायाचित्रांनी जगभरच्या हौशी माणसांना वेड लावले. पण बांधलेली रिक्सिया वाढली की दोऱ्यातून सुटते आणि पुन्हा वर येते. ती कापत राहावी लागते, नव्याने बांधत राहावी लागते. नावाप्रमाणे वागण्याचा हक्क ती सोडत नाही.

म्हणून दुसरी वनस्पती आली, ग्लोसोस्टिग्मा इलॅटिनॉइडीस. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियाकडची ही चिमुकली वनस्पती चिखलात सरपटते. अंधूक उजेडात ती प्रकाशाच्या शोधात उंच होते. भरपूर उजेड मिळाला तर जमिनीला चिकटून आडवी धावते. म्हणजे अग्रभूमीची हिरवळ ही दिव्यावर अवलंबून आहे. आणि केवळ दिव्यावर नाही. कार्बन डायऑक्साइड पाण्यातून हवेच्या मानाने सुमारे दहा हजार पटींनी सावकाश पसरतो. पानाभोवतीचा साठा संपला की भरपूर उजेडातही पान उपाशी राहते. अमानोंनी सुरुवातीला सोडावॉटर ओतून पाहिले, अशी हकीकत सांगितली जाते. पुढे नळकांड्यातून वायू सोडण्याची सुटसुटीत साधने झाली. दिव्याने वाढलेले शेवाळ खायला त्यांनी जपानी ओढ्यांतली कोळंबी सोडली, तिला आज त्यांचेच नाव लाभले आहे. एका वीतभर हिरवळीमागे असा सगळा कारखाना उभा असतो. २०१५ साली लिस्बनच्या मत्स्यालयात त्यांनी चाळीस मीटर लांबीची टाकी उभी केली, आणि त्याच वर्षी ते वारले.

आता नवेपणाच्या प्रश्नाकडे येऊ. १९८०-९०च्या दशकांत ग्लोसोस्टिग्मा 'नवी' होती. पण तिच्या प्रजातीचे नाव ठेवले गेले होते १८३६ साली, आणि ते ठेवणाऱ्यांतला एक होता मद्रासेत ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत असलेला शल्यविशारद रॉबर्ट वाइट. त्याच्यासाठी रंगय्या आणि गोविंदू ह्या दाक्षिणात्य चित्रकारांनी शेकडो वनस्पतींची चित्रे काढली, हे अलीकडे कुठे सांगितले जाऊ लागले आहे. ह्या प्रजातीची एक जाती भारतातही तळ्याकाठच्या ओल्या चिखलात वाढते. तिच्यावरून गुरे चालत जातात. क्यूबातून डॅनिश रोपवाटिकाकार होल्गर विन्डेलॉव्ह ह्यांनी आणलेली, मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्या गोल पानांची हेमियान्थस कॅलिट्रिकॉइडीस ही एकविसाव्या शतकाच्या आरंभी नवलाई ठरली. तिचे वर्णन जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ ग्रिझेबाख ह्याने १८६६ मध्येच करून ठेवले होते. थायलंड-म्यानमार सीमेवरची पोगोस्टेमॉन हेल्फेरी बाजारात आली ती थाई भाषेतले 'इवला तारा' असे नाव घेऊन; तिच्या शास्त्रीय नावात मात्र हेल्फर हा बोहेमियन संग्राहक आहे, जो १८४० साली अंदमानात मारला गेला. 'मॉन्टे कार्लो' नावाने विकली जाणारी वनस्पती ऐकून जुगाराचे श्रीमंती गाव आठवावे, अशी विक्रेत्यांची इच्छा असेल वा नसेल. ते गाव अर्जेंटिनाच्या मिसिओनेस प्रांतातले आहे.

भाषेच्या अभ्यासकाला हा प्रकार ओळखीचा वाटेल. बोलीतला शब्द प्रमाणभाषेच्या लेखनात पहिल्यांदा छापला जातो, तेव्हा समीक्षक त्याला 'नवा शब्द' म्हणतात आणि कोशकार त्याच्यापुढे साल घालतात. ज्यांच्या तोंडी तो पिढ्यान्पिढ्या होता त्यांच्या दृष्टीने त्यात नवे काहीच घडलेले नसते. हा दोष कोशकाराचा नव्हे. कोशाला छापील पुरावा लागतो. परंतु नवेपणा हा वस्तूचा गुण नसून पाहणाऱ्याच्या जागेचा गुण आहे, एवढे त्यावरून कळते. वनस्पतींच्या बाबतीत तर परिणाम उलटाही होतो. अमेरिकेत कनेटिकटच्या जलाशयांत १९९०च्या दशकात ग्लोसोस्टिग्माचीच एक जाती आढळली आणि तळ व्यापून पसरत गेली. ॲक्वेरियममधली अग्रभूमी तिथे खऱ्या तळ्याची भूमी झाली, आणि तेव्हा मात्र 'नवी' हा शब्द कौतुकाचा उरला नाही.

ह्या मालिकेतल्या ज्या वनस्पतीपाशी आम्हांला अधिक थांबायचे आहे तिचे नाव युट्रिक्युलारिया ग्रॅमिनिफोलिया. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ती वनस्पती-ॲक्वेरियमच्या जगात नवी अग्रभूमी म्हणून आली. भारत, श्रीलंका, म्यानमार, थायलंड आणि चीन हा तिचा मुलूख. डॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञ मार्टिन व्हाल ह्याने १८०४ मध्ये तिला हे नाव दिले. त्याचा अर्थ गवतासारख्या पानांची. प्रजातीचे नाव लिनिअसचे, १७५३चे. लॅटिनमध्ये 'युट्रिक्युलस' म्हणजे चामड्याची छोटी पिशवी. आमच्या मते मराठीत त्याला 'पखाल' ह्याहून नेमका शब्द नाही. कारण ही वनस्पती कीटकभक्षी आहे, आणि तिच्या अंगावर खरोखरच टाचणीच्या डोक्याहून लहान अशा पखाली असतात. पखालीतले पाणी ती बाहेर टाकते, आत पोकळीचा ताण निर्माण होतो. दारावरच्या केसांना एखाद्या सूक्ष्म जीवाचा स्पर्श झाला की झडप आत उघडते आणि पाण्यासह भक्ष्य ओढले जाते. चार्ल्स डार्विनने 'इन्सेक्टिव्होरस प्लँट्स' (१८७५) ह्या ग्रंथात ह्या प्रजातीवर बरेच लिहिले. न्यू जर्सीतल्या निसर्गअभ्यासक मेरी ट्रीट ह्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली डासांच्या अळ्या गिळल्या जाताना पाहिल्या होत्या, त्यांच्या निरीक्षणांचा त्याने आदराने उल्लेख केला. तरी प्राणी आपल्याच डोक्याच्या जोराने झडप ढकलून आत शिरतात, असे त्या ग्रंथात त्याचे मत राहिले. ते चुकीचे होते, पण त्याला दोष देणे अवघड आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अतिवेगवान कॅमेऱ्याने केलेल्या अभ्यासात ही क्रिया एका सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळात उरकते असे दिसले. डोळ्यांना ती दिसणे शक्यच नव्हते.

ह्या वनस्पतीला खरी मुळे नसतात. पान कोणते आणि खोड कोणते हेही वनस्पतिशास्त्रज्ञांना ठामपणे सांगता येत नाही. दोऱ्यासारखे धुमारे चिखलात फिरतात, त्यांतून गवताच्या पात्यांसारखे अवयव वर येतात, पखाली खाली लटकतात. ती हे सारे का करते, ह्याचे उत्तर तिच्या जमिनीत आहे. ती राहते ते निकस, सतत पाझरणाऱ्या मातीत, जिथे नत्र जवळजवळ नाहीच. तिची शिकार ही तिच्या उपासमारीची युक्ती आहे.

आणि नेमके इथेच ॲक्वेरियमचे माळी फसले. हिरवळ हवी तर खत हवे, हा त्यांचा अनुभव. तळाला पोषक मातीचे दाणे, पाण्यात रोज द्रवरूप खते. ग्लोसोस्टिग्मा त्यावर माजते. ग्रॅमिनिफोलिया मात्र अशा समृद्ध तळात, विशेषतः नव्या मातीतून अमोनिया सुटत असताना, काही दिवसांत पिवळी पडून विरघळून जाते. ज्यांना ती साधली त्यांनी उलटा मार्ग धरला : मऊ, किंचित आम्ल पाणी, जुनी किंवा निकस माती, खताला आखडता हात. रोपांचा गठ्ठा सुटा न करता लहान लहान पुंजके चिमट्याने मातीत खोचायचे, कारण मुळे नसल्याने ते सहज उपटून वर तरंगतात. काहींनी टाकी पाण्याने न भरता नुसती ओल ठेवली, वर प्लॅस्टिकचा कागद ताणला, काही आठवडे रोपांना दमट हवेत पसरू दिले आणि मग सावकाश पाणी भरले. ह्याला ते लोक 'कोरडी सुरुवात' म्हणतात. आज ही वनस्पती ऊतीसंवर्धनाने प्रयोगशाळेत वाढवून, पारदर्शक जेलच्या चकतीवर, झाकणबंद पेल्यात विकली जाते. तिला ह्या प्रवासात एकही कीटक भेटलेला नसतो.

ही कोरडी सुरुवात वाचताना आम्हांला कासचे पठार आठवणे अपरिहार्य होते. साताऱ्याजवळचे हे पठार, २०१२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशात गेलेल्या पश्चिम घाटातील स्थळांपैकी एक. जांभ्याचा उघडा थर, त्यावर बोटभर माती, पावसाळ्यात तिच्यावरून झिरपणारे पाण्याचे पातळ पापुद्रे. ह्या उपाशी जमिनीवर भाद्रपदाच्या सुमारास जांभळ्या-निळ्या इवल्या फुलांचे थवे उभे राहतात. मराठीत त्यांना 'सीतेची आसवे' म्हणतात. ती युट्रिक्युलारिया पर्प्युरासेन्स. ग्रॅमिनिफोलियाची जवळची बहीण, प्रजाती तीच, जाती निराळी. तिचे नाव छापले गेले १८३९ साली, मुंबईच्या टपालखात्यातला अधिकारी जॉन ग्रॅहम ह्याच्या मुंबई परिसरातील वनस्पतींच्या सूचीत. ग्रॅहम सूची छापून पुरी होण्याआधीच खंडाळ्याला वारला. उरलेले काम त्याचा मित्र निम्मो ह्याने केले. पीटर टेलर ह्यांनी १९८९ मध्ये ह्या संपूर्ण प्रजातीवर प्रबंध लिहिला, तेव्हा अशा सारख्या दिसणाऱ्या बहिणींची ओळख बरीचशी निवळली.

तीन नावे एकमेकांशेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. लिनिअसने पखाल पाहिली. व्हालने पान पाहिले. ज्या कुणा अनामिक मराठी स्त्रीपुरुषांनी 'सीतेची आसवे' म्हटले त्यांनी फूल पाहिले, आणि फुलाबरोबर ती वनस्पती कुठे उगवते तेही पाहिले असावे. वनवास सोसलेल्या स्त्रीचे अश्रू गवताळ सुपीक कुरणात पडलेले नाहीत, खडकावर पडलेले आहेत. कोकणात अशा कातळ-पठाराला 'सडा' म्हणतात. फुलांचाही सडाच पडतो. योगायोगाने जुळलेल्या ह्या दोन अर्थांचा मोह टाळणे साहित्याच्या शिक्षकाला कठीण जाते, एवढे बोलून आम्ही पुढे जातो.

टाकीत ग्रॅमिनिफोलिया पाण्याखाली बुडालेली असते, आणि बुडालेली असताना ती फुलत नाही. फूल यायचे तर ते हवेत यावे लागते. पखाली मातीत असतात, काचेतून अधूनमधून एखादी दिसते आणि पाहुण्यांना कौतुकाने दाखवली जाते. उरते ते पान. अग्रभूमीला पानच हवे असते. सारख्या उंचीचे, सारख्या रंगाचे, बारमाही. कासच्या भगिनीचे अवघे आयुष्य पावसाळ्यापुरते, आणि ते फुलासाठी व बियांसाठी खर्ची पडते. टाकीतल्या हिरवळीला ऋतू नाही. वाढली की ती कात्रीने कापतात आणि तरंगणारे तुकडे जाळीने गोळा करतात.

झाकणबंद पेल्यावरच्या लेबलावर प्रकाशाची गरज, वायूची गरज, उंची सेंटिमीटरमध्ये आणि मूळस्थान म्हणून 'आशिया' असे छापलेले असते. आम्ही पाहिलेल्या लेबलांवरची छायाचित्रे सगळी पात्यांची होती.